दाराबाहेरचं बटण

नूरिसने पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर चिकटवलेला ‘राखीव’ असा कागद ओरबाडून काढला, त्याची घडी घातली आणि त्याच खुर्चीत बसून त्या कागदाने स्वतःला वारा घालायला सुरुवात केली.

“अगं, ती नगराध्यक्षांच्या बायकोची जागा आहे,” शेजारी टेकत बेल्किस कुजबुजली.

“तिचे केस मी रंगवते. मुळं किती पांढरी आहेत ते मला ठाऊक आहे. बसेल गुमान मागे.”

बेल्किस फिसकन हसली. पार्लरमधलं ती नूरिसचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आणि सगळ्यात जुना कानही. बानी गावात कुणाच्या घरी काय शिजलं हे वास येण्याआधी तिला कळायचं.

क्लबचं हे सभागृह एरवी पंधरा वर्षांच्या झालेल्या मुलींच्या वाढदिवसांना भाड्याने जायचं. मागच्या भिंतीवर अशाच कुठल्यातरी वाढदिवसाची गुलाबी झालर राहून गेली होती. तिच्याखाली पांढरं कापड घातलेलं टेबल, पाण्याच्या बाटल्या, पुस्तकांची चळत, आणि मधोमध ते पुस्तक लिहून माद्रिदहून आलेली नूरिसची धाकटी बहीण ओंदीना. केस न विंचरता. माद्रिदमध्ये असल्या केसांना नैसर्गिक म्हणत असतील. बानीत त्यांना अंथरुणातून उठलेले केस म्हणतात. सकाळी नूरिसने रोलर, पाणी, ड्रायर सगळं मांडून ठेवलं होतं, तेव्हा ओंदीना हसून म्हणाली होती, “राहू दे गं, मी आता अशीच असते.” नूरिसने रोलर पुन्हा टोपलीत टाकले होते, एकेक करून, आवाज होईल असे.

ओंदीना टेबलामागून उठून खाली आली. तिच्या बोटाला धरून आल्बा, तिची चार वर्षांची मुलगी.

“नूरिस, हिला जरा घेशील? माझं वाचून होईपर्यंतच.”

“घेते की. तिकडे बाई ठेवत असशील यासाठी, इथे मी आहेच.”

ओंदीनाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिने मुलीला नूरिसच्या मांडीवर बसवलं, फ्रॉकची घडी सारखी केली, आणि क्षणभर ती दोघींकडे बघत राहिली. काहीतरी बोलायचं असावं. पण टेबलाकडून तिला हाक आली आणि ती वळली.

“मावशी,” आल्बा म्हणाली, “तुझ्या घरात मोठ्या टोप्या आहेत त्या कुणाच्या?”

“त्या टोप्या नाहीत, ड्रायर आहेत. बायका त्यांच्याखाली बसून दुसऱ्या बायकांबद्दल बोलतात.”

“का?”

“केस वाळायला वेळ लागतो म्हणून.”

आल्बाने मान डोलावली. तिचा जीभ दातांत धरून केलेला उच्चार अगदी माद्रिदचा होता. नूरिसला तो ऐकवत नव्हता. पण पोर अंगाला गरम पावासारखं लागत होतं, आणि तिच्या मानेला घामाचा आणि बिस्किटांचा वास होता. नूरिसने कागदाचा पंखा थोडा खाली आणला, तिलाही वारा लागेल इतका.

डॉक्टर पेर्दोमो बोलायला उभे राहिले. ते गावचे दातांचे डॉक्टर, आणि तीन कवितासंग्रहांचे मालक. मालकच, कारण ते संग्रह विकले गेले नव्हते. गावात कुणीही पुस्तक काढलं की त्याची ओळख करून द्यायचा हक्क त्यांचा. ‘एकाकीपणा’ हा शब्द ते अक्कलदाढ उपटावी तसा उपटत होते, हलवून, पिळून, आणि मग सगळ्यांना दाखवून.

“ही केवळ थरारकथा नाही, मित्रहो! हा मनाच्या तळघरातला प्रवास आहे. एक बंद खोली. खोलीत एक मुलगी. बाहेर एक आई, जी आई नाहीच. राक्षसीण! आणि ही जखम, ही आदिम जखम...”

“आदिम म्हणजे?” बेल्किसने विचारलं.

“दात किडल्यावर होते ती.”

मागे दोघीतिघी हसल्या. नूरिस हसली नाही. तिची नजर पुस्तकांच्या चळतीवर होती. प्रत्येक मुखपृष्ठावर तेच दार, तीच दाराखालची फट, त्या फटीत तोच पिवळा उजेड.

पहिलं प्रकरण तिने वाचलं होतं. कोळशाची पोती, कांद्यांचा वास, फरशीवर पोट टेकून दाराखालच्या फटीला लावलेला डोळा. तेवढं वाचून तिने पुस्तक बंद केलं आणि ज्या ड्रायरचा पाय तुटका होता त्याच्याखाली सारलं. ड्रायर तेव्हापासून हलायचा थांबला होता. या पुस्तकाचा एवढा उपयोग झाला, म्हणायची ती.

कांदे तिचे होते. पोती तिची होती. फटीला लावलेला डोळा तिचा होता. स्वयंपाकघरामागच्या त्या बिनखिडकीच्या कोठीत आई नूरिसला कोंडायची. ताटली फुटली तर, उशीर झाला तर, वडिलांचं न्यूयॉर्कहून पत्र आलं नाही तर. ओंदीनाला एकदाही कोंडलं नव्हतं. ओंदीना तेव्हा एवढीशी होती, या आल्बाएवढी. आणि आता तीच ओंदीना माद्रिदच्या मासिकात फोटो छापून सांगत होती, ‘हे सगळं माझ्याबरोबर घडलं आहे.’ बेल्किसच्या भाचीने ते फोनवर दाखवलं होतं, पार्लर भरलेलं असताना. ओल्या केसांच्या बायकांनी ते मोठ्याने वाचलं होतं. आणि मग सगळ्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं होतं, जिथे आई पडलेली असते.

माणसं पैसे चोरतात, नवरे चोरतात. हे चोरणारी नूरिसने पहिल्यांदाच पाहिली.

“प्रश्न विचारा म्हणतील ना,” तिने बेल्किसला सांगून ठेवलं होतं, “तेव्हा बघ. सगळ्यांसमोर सांगणार आहे, कोंडलेली मी होते. आणि तिने आईला जशी रंगवलीय तशी ती नव्हती.”

दुसरं वाक्य तिला पहिल्याहून महत्त्वाचं होतं. त्यामागचं कारण तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या काळात वीज यायची तीच मुळी उपकार केल्यासारखी. संध्याकाळी जायची, केव्हातरी परतायची, आणि परतली की सगळी आळी एका गळ्याने ओरडायची, “लाईट आली!” पोरं डबे बडवायची, रेडिओ मधल्याच गाण्यावर सुरू व्हायचे. कोठीत मात्र त्या आरोळीनंतरही अंधारच असायचा. कारण कोठीचं बटण बाहेर, बोळात होतं. घराच्या वायरमनने सगळी बटणं बोळात लावली होती, तार वाचावी म्हणून. नूरिस आत गुडघे पोटाशी घेऊन वाट बघायची. मग थोड्या वेळाने बाहेर फरशीवर काहीतरी ओढल्याचा आवाज यायचा. खर्र. थांबून पुन्हा खर्र. आणि दिवा लागायचा.

आई खुर्ची ओढून दाराबाहेर बसायची. बोलायची नाही, दार उघडायची नाही, तिचा राग मोठा होता. पण दिवा लावून बसायची. पोरीला अंधारात एकटं टाकायची नाही. झोपायला जाताना तेवढा बंद करायची, बिलासाठी.

त्या दिव्याच्या जोरावर नूरिसने पुढचं सगळं काढलं. ओंदीना शिष्यवृत्ती मिळवून निघून गेली, नूरिस राहिली. एक माणूस तिला न्यूयॉर्कला न्यायला तयार होता, चांगला होता, टॅक्सी चालवायचा. ती गेली नाही. आई पायांनी अधू झाली तेव्हा तिला उचलायला शिकली, आणि म्हातारपणी आई अंधाराला भ्यायला लागली तेव्हा तिच्या खोलीतल्या एकट्या दिव्यासाठी इन्व्हर्टर घेतला. वीज गेली की पार्लरमधले ड्रायर बंद पडायचे, गिऱ्हाइकं ओल्या डोक्यांनी शिव्या घालायची, आणि आत आईचा दिवा जळत असायचा.

“त्या इन्व्हर्टरवर निदान एक ड्रायर तरी चालव ना,” बेल्किस कितीदा म्हणाली होती. “म्हातारी काय रात्रभर पेपर वाचते?”

“तो दिवा विझायचा नाही,” नूरिस म्हणायची, आणि तिच्या डोक्यात रोलर जरा घट्टच बसवायची.

टेबलापाशी डॉक्टर पेर्दोमो अखेर खाली बसले. टाळ्या पडल्या, त्यात त्यांची स्वतःचीही एक होती. ओंदीनाने पुस्तक उघडलं. पाठीमागे खिमा भरलेल्या किप्यांची ताटं आली होती, तळणाचा वास सुटला होता, आणि निम्म्या सभागृहाच्या माना तिकडे वळल्या होत्या.

“मी शेवटच्याआधीचं प्रकरण वाचते,” ओंदीना म्हणाली. “इथवर वाचकाला वाटत असतं की ही गोष्ट आतल्या मुलीची आहे.”

नूरिसचा कागद हलायचा थांबला.

ओंदीना वाचू लागली. माद्रिदचा उच्चार चौथ्या वाक्याला गळून पडला. बानीच्या मुली बोलतात तसंच ती बोलू लागली, शब्दांची शेपटं गिळत.

“दार बंद करून आई बटण खाली करून दिवा बंद करायची आणि बिंगोला जायची. जाताना मला सांगायची, तिच्याशी बोललीस तर तूही आत. म्हणून मी बोलत नसे. घरात मी बाहेर होते आणि माझी बहीण आत होती, आणि आमच्या दोघींमध्ये एक दार होतं ज्याच्याशी मला बोलायची बंदी होती. मी दाराला पाठ लावून बसत असे. पलीकडून तिचा श्वास ऐकू यायचा. तो थांबला तर काय करायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

“मग आळी ओरडायची. सगळ्यांकडे उजेड यायचा. आमच्या कोठीत नाही. बटण माझ्या डोक्याच्या खूप वर होतं. स्वयंपाकघरात चरबीचा पिवळा डबा होता, रिकामा. मी तो ओढत आणायची. तो जड नव्हता, पण मी लहान होते. मध्येच दम लागायचा, थांबावं लागायचं. त्यावर चढून मी बटण वर करायची. फटीतून उजेड माझ्या पायांवर पडायचा. बहीण आत हलायची. एकदा ती आतून म्हणाली, आई? मी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, तिला आई हवी आहे. मी आहे कळलं तर तिला वाईट वाटेल.

“रस्त्यावर आईच्या चपला वाजल्या की बटण खाली, डबा जागेवर, मी अंथरुणात. मी माझ्या आईला घाबरणं कधी थांबवलं ते मला माहीत नाही. पण त्या दारापलीकडच्या शांततेला मी अजून घाबरते. माझी मुलगी झोपली की तिच्या नाकासमोर बोट धरते.”

बेल्किसने तोंडावर हात ठेवला होता. किप्यांकडे वळलेल्या माना परत आल्या होत्या. आल्बा केव्हाच झोपली होती, डोकं नूरिसच्या छातीवर, तोंड थोडं उघडं. नूरिस हातातल्या कागदाकडे बघत होती. घामाने त्यावरची अक्षरं तिच्या बोटांना लागली होती.

आणि तेवढ्यात वीज गेली.

कुणाला काही विशेष वाटलं नाही. “झालं,” एवढंच कुणीतरी म्हणालं. खुर्च्या करकरल्या, फोनचे दिवे लागले, डॉक्टर पेर्दोमोंनी अंधाराचा फायदा घेऊन आणखी एक वाक्य बोलून घेतलं. नूरिस हलली नाही. पोरीचं वजन तिच्या उजव्या हातावर होतं, हाताला मुंग्या आल्या होत्या. तिने डाव्या हाताचं बोट हळूच पोरीच्या नाकासमोर धरलं. ऊब लागली. बोट तिथेच राहिलं.

मग बाहेरून, रस्त्यावरून, वरच्या आळीतून, सगळीकडून एकदम आरोळी उठली.

“लाईट आली!”

सभागृह झळाळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, भाषणाला वाजवल्या त्याहून जास्त. डॉक्टर पेर्दोमोंनी हात चोळले.

“तर आता प्रश्न. संकोच करू नका. साहित्य म्हणजे संवाद!”

कुणी संकोच सोडला नाही. बेल्किस मात्र बांधून ठेवलेल्या बकरीसारखी चुळबुळत होती. तिला सांगून ठेवलेलं होतं ना.

“नूरिसला बोलायचंय!” ती ओरडली. “सख्खी बहीण आहे!”

सगळ्यांच्या नजरा पहिल्या रांगेवर आल्या. मागून नगराध्यक्षांची बायकोही मान उंच करून बघू लागली. टेबलामागे ओंदीनाने पुस्तक मिटलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवले. तिचा चेहरा पडला होता. आता काय येणार हे तिला ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं तिला वाटत होतं. नूरिस आठवडाभर घरात ज्या तऱ्हेने ताटं आपटत होती, त्यावरून कुणालाही कळलं असतं.

नूरिसने उठायचा प्रयत्न केला. मांडीवर पोर होती. ती बसूनच राहिली.

“तो डबा,” ती म्हणाली. “तो डबा कशाचा म्हणालीस?”

“चरबीचा,” ओंदीना म्हणाली.

“पिवळा.”

“पिवळा. वर लाल झाकण होतं. झाकण हरवलं होतं.”

“हं,” नूरिस म्हणाली.

सगळे वाट बघत राहिले. पुढे काही आलं नाही.

“हा प्रश्न होता?” मागून एक बाई म्हणाली. “सख्खी बहीण जगभर नाव काढते, आणि हिला डब्याची पडलीय.”

“केस कापणाऱ्या बाईला आणखी काय सुचणार?” नगराध्यक्षांच्या बायकोने उत्तर दिलं, नीट ऐकू जाईल असं. “जागासुद्धा दुसऱ्याच्या घेतात.”

हशा पिकला. डॉक्टर पेर्दोमो कनवाळूपणे हसले आणि म्हणाले की वस्तूंचं प्रतीकत्व हा खरोखर एक फार खोल विषय आहे. नूरिसचे कान तापले. एरवी तिने त्या बाईची मुळं भर सभेत काढली असती. आज तिने आल्बाचा फ्रॉक गुडघ्यावर ओढून घेतला.

घरी परतताना ओंदीनाला लोकांनी अडवून ठेवलं. सह्या, फोटो, कुणाची तरी पुतणी जिलाही लिहायचं आहे. नूरिस पोरीला खांद्यावर टाकून पुढे निघाली. बेल्किस सोबत चालत राहिली आणि पहिल्या कोपऱ्यापर्यंत गप्प राहिली. तिच्या हिशोबाने तो उपासच होता.

“म्हणजे आत खरंच तू होतीस,” ती शेवटी म्हणाली.

“होते.”

“आणि बाहेर ती पोर एकटी.”

नूरिसने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“मेली,” बेल्किस म्हणाली, कुणाला ते सांगितलं नाही, आणि आपल्या दाराकडे वळली.

घरात आईचा दिवा जळत होता. पार्लरमधून आत जाताना ड्रायरच्या पायाखालचं पुस्तक दिसलं. नूरिसने ते पायाने थोडं आत सरकवलं, मग थांबली. पोरीला सोफ्यावर निजवलं, वाकून ते ओढून काढलं आणि आरशापाशी ठेवलं. ड्रायर एका बाजूला कलला.

“आली का ती झाडू डोक्यावर घेऊन फिरणारी?” आईचा आवाज आला. पाय गेले होते तरी जीभ धावत होती. “सगळं गाव तिला बघायला गेलं. इथे मला पाणी द्यायला कुणी नाही.”

“शेजारची मुलगी होती ना.”

“ती? ती फोनमध्ये राहते. घरात नाही.”

नूरिसने पाणी दिलं, उशी फिरवली, पायांवरची चादर सारखी केली. हात आपोआप चालत होते. आईचे केस तिने सकाळीच विंचरले होते, पातळ, पांढरे, गुलाबी डोकं दिसणारे. रोज विंचरायची. गावात दुसऱ्या कुठल्या म्हातारीचे केस इतके नीट नसतील.

“आई.”

“काय?”

“मला कोठीत ठेवायचीस तेव्हा तू खुर्ची कुठे ठेवायचीस?”

“कसली खुर्ची?”

“दाराबाहेर. बसायचीस ना.”

आई तिच्याकडे बघू लागली. खरंच आठवून बघत होती. कपाळाला आठ्या पडल्या, मग गेल्या.

“मी कशाला बसू तिथे?” ती म्हणाली. “मेलिदाकडे बिंगो असायचा. एकदा मी प्रेशर कुकर जिंकला होता, आठवतं? तुझ्या बापाने दिलं नाही ते मला बिंगोने दिलं.” ती हसली, दात नसलेलं, खरं, खूश हसू. “खुर्ची म्हणे. तुला पण ना, काहीही आठवतं.”

“मग दिवा?”

“कसला दिवा? बिल कोण भरणार होतं, तुझा बाप?” आईने पाण्याचा पेला परत दिला. “जाताना दार लोटून घे. आणि लाईट राहू दे, मला अंधारात गुदमरतं.”

नूरिस पेला घेऊन बोळात आली. दार लोटलं. एका रांगेत बटणं होती, काळी, जुनी, वायरमनने तार वाचवून लावलेली. आईच्या खोलीचं, न्हाणीघराचं, कोठीचं. कोठीला आता दार नव्हतं. नूरिसने ते पार्लर सुरू केलं त्याच वर्षी काढून फेकलं होतं आणि पडदा लावला होता. आत शाम्पूचे कॅन होते.

तिने आईच्या खोलीच्या बटणावर बोट ठेवलं. इन्व्हर्टर गुणगुणत होता. तो कधी थांबू नये म्हणून ती त्याच्या बॅटरीत स्वतःच्या हाताने पाणी घालायची.

तिने बटण खाली केलं.

दाराखालच्या फटीतला उजेड गेला. बोळात पार्लरकडून येणारा रस्त्यावरच्या दिव्याचा थोडासा उजेड उरला. नूरिस भिंतीला टेकून उभी राहिली.

“नूरिस?” आतून हाक आली. “लाईट गेली का?”

नूरिसने पेला छातीशी धरला.

“नूरिस! इन्व्हर्टर बघ. अगं, नूरिस!”

हाकेत पहिल्यांदा काहीतरी हललं. आवाज बारीक झाला. पलंगाची कड हाताने चाचपल्याचा आवाज आला, मग उशी खाली पडल्याचा. मग नुसता श्वास. दाराच्या अलीकडून तो स्वच्छ ऐकू येत होता. आपला श्वासही असाच ऐकू जात असेल, नूरिसच्या मनात आलं. एवढा जवळ. ती खाली सरकत फरशीवर बसली. दार उघडायचं की नाही हे तिने ठरवलं नव्हतं. तिला फक्त बघायचं होतं, अंधार किती वेळ टिकतो.

मागे फरशीवर काहीतरी ओढल्याचा आवाज आला.

खर्र.

नूरिसचं सगळं अंग ताठ झालं. ती वळली नाही.

थोडं थांबून, दम घेऊन, पुन्हा खर्र.

पार्लरमधलं पाय धुवायच्या वेळी बसायचं बुटकं लाकडी स्टूल बोळातून येत होतं. त्याच्यामागे आल्बा, अनवाणी, झोपेने गाल सुजलेली, जीभ ओठांतून बाहेर काढून दोन्ही हातांनी ओढत असलेली. ती नूरिसच्या बाजूने गेली. तिला बघितलंही, पण थांबली नाही. कामात होती. स्टूल भिंतीला लावलं, एक गुडघा वर, मग दुसरा, आणि उभी राहिली. चवड्यांवर उंच झाली तरी बोटं बटणाच्या जेमतेम खाली पोचली.

“आजी भिते आहे,” तिने भिंतीला सांगितलं.

नूरिस तिच्याकडे बघत राहिली. टाचा किती लहान होत्या. एका हाताच्या मुठीत दोन्ही मावल्या असत्या.

पोरीने उडी मारल्यासारखं केलं. स्टूलचा एक पाय उचलला गेला.

नूरिस गुडघ्यांवर पुढे सरकली. पेला कुठेतरी लवंडला. तिने दोन्ही हातांनी स्टूलचे पाय फरशीशी दाबून धरले आणि कपाळ पोरीच्या पोटरीला टेकलं.

वर बटण खट्ट वाजलं. फटीतून उजेड आला आणि त्यांच्या दोघींच्या पायांवर पडला.

“लाईट आली!” आल्बा ओरडली, याच आठवड्यात शिकलेली आरोळी, माद्रिदच्या उच्चारात.

आत श्वास हळूहळू खाली बसला. पलंग करकरला.

“कोण आहे बाहेर?” आईने विचारलं. “नूरिस? तू आहेस का?”

पुढच्या दाराशी ओंदीनाची पावलं वाजली आणि पार्लरमध्ये येऊन थांबली. नूरिसने स्टूल सोडलं नाही.